भिंत कुणी मागितली होती?

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देत आहे.)

पत्रलेखक सातारा जिल्ह्यात वाढले. वडील शिक्षक, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातले. घरात देव्हारा नव्हता, पण चंद्रावर उतरलेल्या माणसाचं वर्तमानपत्रातलं कात्रण चौकटीत लावलेलं होतं. आता वय ४७. एकोणीस वर्षं अमेरिकेत आहेत, सध्या टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतात. नागरिकत्वही घेतलं आहे. शपथेच्या शेवटी देवाचं नाव आलं तेव्हा त्यांनी ओठ मिटून घेतले, "आणि चोरी केल्यासारखं वाटलं" असं ते लिहितात. पत्नी रोज पूजा करते, त्यावरून घरात कधी वाद झाला नाही. मुलगी आठवीत आहे. टेक्ससच्या २०२५ च्या कायद्यानंतर तिच्या वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक लागला. शेजारी सत्तरीतल्या एक बाई आहेत, बाप्टिस्ट ह्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चला जाणाऱ्या. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत वीज गेली तेव्हा हे कुटुंब तीन रात्री त्यांच्याकडे झोपलं होतं. फलक लागल्याचा बाईंना मनापासून आनंद झाला आणि तो त्यांनी अंगणात उभं राहून बोलून दाखवला. तेव्हापासून पत्रलेखकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. बाईंनी त्याआधी डबा म्हणून पाठवलेलं काचेचं भांडंही अजून ह्यांच्याच ओट्यावर पडून आहे. मराठी मंडळातले मित्र म्हणतात, "त्यांचा देश, त्यांचा देव, आपण कशाला मध्ये पडायचं?" रात्री दीड-दोनपर्यंत राजकारणाचे व्हिडिओ बघणं चालू आहे. "विज्ञानाचा देश म्हणून ज्याच्याकडे बघत मी मोठा झालो तो धर्माच्या ताब्यात गेला. आता मत देऊन तरी काय उपयोग? पुण्याला परत जावं का? मुलीला शाळेतून काढावं का? आणि शेजारणीशी खोटं खोटं हसत राहू का?"

---

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तराआधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी बाजू माहीत असेल. मी देव मानते. माझे आजोबा वारीला जायचे आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर विठोबा आहे. तरीही त्या फलकाबद्दल माझं मत तुमच्याइतकंच ठाम आहे: सरकारी शाळेच्या वर्गात तो नको. हे दोन्ही एकत्र कसं राहतं, ह्याचंच उत्तर तुमच्या पत्राला लागू पडेल असं मला वाटतं.

तुमची भीती खोटी नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा निकाल मोडीत काढला. त्याच महिन्यात, मैदानाच्या मधोमध प्रार्थना करणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातल्या शालेय फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. केंटकीने वर्गावर्गांत दहा आज्ञा लावल्या होत्या तेव्हा, १९८० मध्ये, ह्याच न्यायालयाने तो कायदा रद्द केला होता. आता वारं फिरलं आहे हे ओळखूनच आधी लुइझियानाने आणि मग टेक्ससने तसेच कायदे केले. म्हणजे तुम्ही राईचा पर्वत करत नाही आहात, आणि कुणी तसं म्हणालं तर मनावर घेऊ नका.

पण "तो धर्माच्या ताब्यात गेला" ह्या वाक्यापाशी मी अडखळले. "गेला" म्हणजे आधी नव्हता. खरंच नव्हता का?

तुमच्या वडिलांनी जपलेल्या त्या कात्रणाच्याच गोष्टीकडे बघू. १९६८ च्या नाताळच्या आदल्या रात्री अपोलो ८ चंद्राभोवती फिरत होतं आणि सगळं जग ऐकत होतं. तेव्हा आतल्या तिघा अंतराळवीरांनी बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पहिल्या ओळी आळीपाळीने वाचल्या: आरंभी देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली. त्याविरुद्ध एका नास्तिक बाईने, मॅडलिन मरे ओहेअर तिचं नाव, खटलाही भरला. तो टिकला नाही. पुढच्या वर्षी बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरला आणि बाहेर पाऊल टाकण्याआधी यानातच त्याने भाकरी आणि द्राक्षरसाचा ख्रिस्ती विधी केला, पण ह्या वादामुळे ते जाहीरपणे बोलायचं टाळलं. साताऱ्याच्या घरातल्या कात्रणात हे आलं नसणार. तुमच्या वडिलांनी विज्ञानाचा देश पाहिला तो खराच होता. फक्त तो अर्धा होता. उरलेला अर्धा तुम्हाला चाळिशीनंतर दिसला, म्हणून तो नवा वाटतो.

डॉलरच्या नोटेवरचं "आमचा देवावर विश्वास आहे" हे वाक्य राष्ट्राचं बोधवाक्य झालं १९५६ मध्ये आणि नोटांवर छापायला सुरुवात झाली १९५७ मध्ये. शाळेतल्या ध्वजप्रतिज्ञेत "देवाच्या छत्राखाली" हे शब्द १९५४ मध्ये घातले गेले, कारण समोर देव न मानणारा सोव्हिएत रशिया होता. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल ह्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली आणि गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर बायबलनिष्ठ प्रॉटेस्टंट मतदारांची मोट रिपब्लिकन पक्षाशी बांधली गेली. आज त्यांच्यातले दहापैकी आठ जण त्या पक्षाला मत देतात. हे सगळं सांगते ते तुम्हाला आणखी खिन्न करायला नव्हे. पूर्वी सगळं स्वच्छ होतं आणि आता बुडालं, असं मानलं की हातपाय गळतात. ही ओढाताण अडीचशे वर्षांची आहे असं कळलं की निदान एवढं विचारता येतं: दोराच्या ह्या टोकाला आजवर कोण कोण उभं होतं?

ह्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चकित झाले होते.

धर्म आणि राज्य ह्यांच्यामध्ये भिंत असावी, हे शब्द राष्ट्राध्यक्ष जेफरसनचे. पण ते आले कुठे? कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी परिसरातल्या बाप्टिस्टांना त्याने १ जानेवारी १८०२ रोजी लिहिलेल्या पत्रात. होय, बाप्टिस्ट, तुमच्या शेजारणीचे पूर्वसूरी. तेव्हा त्या राज्यात काँग्रिगेशनल चर्च हा सरकारमान्य धर्म होता. त्या चर्चसाठी कर भरायचा नसेल तर आपण वेगळ्या पंथाचे आहोत असा दाखला द्यावा लागे. बाप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्षाकडे गाऱ्हाणं मांडलं की धर्मस्वातंत्र्य आम्हाला हक्क म्हणून मिळत नाही, मेहेरबानी म्हणून मिळतं. योगायोग असा की त्याच दिवशी जॉन लेलंड नावाचा बाप्टिस्ट उपदेशक मॅसॅच्युसेट्समधल्या चेशर गावाहून सव्वा हजार पौंडांच्या आसपास वजनाचं चीजचं चाक घेऊन जेफरसनच्या दारात हजर झाला. शेतकऱ्यांनी मिळून केलेलं ते चीज म्हणजे त्यांचं धन्यवादाचं पत्र होतं. कनेटिकटमधला सरकारी चर्चचा अंमल पुढे १८१८ मध्ये संपला. ती भिंत मागणारी माणसं कडवी भाविक होती. सरकारने देवाच्या कामात हात घातला की देवाचं काम नासतं, हा त्यांचा स्वानुभव होता.

आता तुमचे मिटलेले ओठ. नागरिकत्वाच्या शपथेतले ते शेवटचे शब्द गाळायची मुभा नियमातच आहे, त्यात चोरी कसली? राज्यघटनेत "शपथ किंवा प्रतिज्ञा" असे दोन पर्याय आहेत, आणि प्रतिज्ञेचा पर्याय मुळात आला क्वेकर पंथीयांमुळे, कारण शपथ घेणं हेच त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. शाळेत मुलांना ध्वजप्रतिज्ञा म्हणायची सक्ती करता येत नाही हा १९४३ चा निकाल मिळवला यहोवाज विटनेसेस ह्या ख्रिस्ती पंथाच्या मुलांनी; झेंड्याला वंदन करणं त्यांच्या लेखी मूर्तिपूजा होती. नास्तिकांनीही लढून मिळवलंय. मेरीलंडमध्ये रॉय टोर्कासोला नोटरीच्या साध्या पदासाठी देवावर विश्वास असल्याचं जाहीर करायला सांगितलं, त्याने नकार दिला आणि १९६१ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात जिंकला. तुमच्या टेक्ससच्या घटनेत आजही पदासाठी परमेश्वराचं अस्तित्व मान्य करण्याची अट लिहिलेली आहे. ती लागू करता येत नाही, ते त्या निकालामुळे.

म्हणून "धर्म विरुद्ध आम्ही" अशी तुम्ही आखलेली रेघ मला चुकीच्या जागी वाटते. फलकाविरुद्ध टेक्ससमध्ये जी कुटुंबं कोर्टात गेली त्यांत ख्रिस्ती आहेत, ज्यू आहेत, हिंदू आहेत आणि कोणताच धर्म न मानणारीही आहेत. ख्रिस्ती लोकांची तक्रार समजून घ्या. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ज्यू ह्यांची दहा आज्ञांची मोजणी सारखी नाही, शब्दही सारखे नाहीत. मग भिंतीवर कुणाच्या लावायच्या? ते सरकार ठरवणार. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात, शाळेत कोणतं बायबल वाचायचं ह्या वादातून दंगली पेटल्या होत्या, कॅथलिकांची चर्चेस जाळली गेली, माणसं मेली. तिथे नास्तिक नव्हतेच. दोन्हीकडे ख्रिस्तच होता.

आणि धर्म राजकारणात आला की नेहमी एकाच बाजूला येतो असंही नाही. मार्टिन ल्यूथर किंग पाद्री होते, त्यांची चळवळ चर्चच्या बाकांवर उभी राहिली. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिलं तेही धर्मगुरूंनाच उद्देशून, "जरा थांबा" म्हणणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंना. त्यांनी प्रवचनातून मांडलेलं राजकारण तुम्हाला चालतं ना? मलाही चालतं. म्हणजे आपली हरकत कुणी देवाचं नाव घेऊन मत मांडतो ह्याला नाही. सरकारचा शिक्का आणि कुणाचा देव एका कागदावर आले की हरकत. तुमच्या वडिलांना हा फरक नक्की माहीत असणार. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की आमचा विरोध शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना आहे, आणि त्यांनी धर्माच्या विधायक चिकित्सेचा आग्रह धरला. तुमच्या घरात देव्हाऱ्यावरून भांडण झालं नाही, ते त्याच शिकवणीचं फळ असावं. ती शिकवण फाटकाबाहेर पडताना घरी ठेवून जाऊ नका.

आता तुमचे प्रश्न. मुलीपासून सुरू करते, कारण पत्रात तिच्यावर सगळ्यांत कमी ओळी आहेत. तिला काय वाटतं हे तुम्ही लिहिलेलंच नाही. विचारलंत का? कदाचित तिचं त्या फलकाकडे लक्षही जात नसेल. कदाचित "माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत" ही ओळ रोज समोर बघून आणि घरी आईची पूजा बघून तिला काहीतरी टोचत असेल. दोन्ही ऐकायची तयारी ठेवा. शाळेतून काढण्याचा विचार सध्या सोडा. तिच्या मैत्रिणी तिथे आहेत, आणि तुमच्या लढाईत तिला न विचारता पुढे उभं करणं न्यायाचं नाही. प्रतिज्ञेचं म्हणाल तर टेक्ससमध्ये पालकांनी लेखी कळवलं की मुलाला त्यातून सूट मिळते. दोन ओळींचं पत्र पुरतं, कारण द्यावं लागत नाही. पण तेही तिला हवं असेल तरच. उभं राहून गप्प राहायचं, म्हणायचं की बसून राहायचं, हे आठवीतली मुलगी ठरवू शकते. तुम्ही तिला एवढं सांगा की ती काहीही ठरवेल तरी घरी कुणी रागावणार नाही.

मत देऊन उपयोग काय? २०२३ मध्ये टेक्ससने शाळांना धर्मोपदेशक नेमायची मुभा देणारा कायदा केला, पण निर्णय प्रत्येक शाळा मंडळावर सोडला आणि १ मार्च २०२४ च्या आत मतदान घ्यायला लावलं. शंभरावर चॅप्लेननी, म्हणजे हेच काम करणाऱ्या धर्मोपदेशकांनी, सही करून मंडळांना सांगितलं की हे करू नका. अनेक मोठ्या शाळा-जिल्ह्यांनी नकार दिला. ते नकार देणारे सदस्य कुणीतरी निवडून दिलेले होते. ह्या निवडणुकांना मतदान इतकं कमी होतं की एका गल्लीतली मतं निकाल फिरवू शकतात. तुम्ही रात्री दीड वाजता वॉशिंग्टनचे व्हिडिओ बघता. तुमच्या शाळा मंडळातल्या सदस्यांची नावं सांगता येतील का? मला माझ्या गावातल्या मंडळाची नावं वीस वर्षं सांगता येत नव्हती. एक काम करा. महिनाभर रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्यातला एक तास मंडळाच्या बैठकीला द्या. पहिल्या वेळी नुसतं ऐका. दुसऱ्या वेळी नाव नोंदवून बोला. बहुधा दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात "मी देव मानत नाही" इथून सुरुवात करू नका, ते कुणी विचारलेलं नाही. "कुणाच्या आज्ञा, कोणत्या शब्दांत, आणि हे ठरवायचा अधिकार सरकारला कुणी दिला" एवढंच विचारा. शेजारी एखादा ख्रिस्ती पालक उभा असेल तर उत्तम. धर्म आणि राज्य वेगळं ठेवण्यासाठी १९४७ पासून काम करणारी 'अमेरिकन्स युनायटेड' आहे, नास्तिकांची 'फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन' आहे आणि बाप्टिस्टांची 'बाप्टिस्ट जॉइंट कमिटी'ही ह्याच बाजूने उभी आहे. तुम्ही एकटेही नाही. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३-२४ च्या पाहणीत अमेरिकेतल्या प्रौढांपैकी २९ टक्क्यांनी आपला कोणताच धर्म नसल्याचं सांगितलं. त्यातले बरेच जण मतदानालाच जात नाहीत, हे मात्र खरं दुखणं आहे. त्यात तुमची भर घालू नका.

मराठी मंडळातल्या मित्रांचं म्हणणं मला सगळ्यांत जास्त खटकलं. २००७ मध्ये सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली तेव्हा सज्जातून आरडाओरडा करून ती थांबवायचा प्रयत्न झाला होता. "त्यांचा देश" म्हणणाऱ्यांना तो दिवस आठवतो का? काही जण असंही सुचवतील की आपण गीतेचा श्लोक शेजारी लावायची मागणी करू. मला ते पटत नाही. भिंत पाडणाऱ्यांच्या रांगेत आपणही उभं राहायचं, एवढाच त्याचा अर्थ होतो. आणि हाच नियम आपल्या देवळातही पाळायला हवा. गाभाऱ्यासमोरून एखाद्या उमेदवाराला मत द्या असं कुणी सांगितलं तर तिथेही तुम्हाला बोलावं लागेल, मग तो उमेदवार तुमच्या आवडीचा का असेना.

पुण्याला परत जायचं असेल तर आई-वडिलांसाठी जा, मुलीची आणि पत्नीची इच्छा असेल तर जा. धर्म नसलेलं राजकारण शोधायला जाणार असाल तर तिकीट काढू नका. तुमच्या वडिलांना विचारा, तेच सांगतील.

राहिली शेजारीण. खोटं हसू नका, हे अगदी बरोबर. पण बोलणं टाकणं हेही खरं बोलणं नव्हे. त्या बाईंना आजही कदाचित माहीत नाही की तुम्ही का दूर गेलात. तुम्ही लिहिलंय की त्या तीन रात्री जेवणाआधी त्या डोळे मिटून प्रार्थना करत तेव्हा तुम्ही गप्प बसून राहायचात आणि त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. मला ती गोष्ट मोठी वाटली. आमच्या गावातल्या मराठी मंडळाचा पहिला गणपती मेथडिस्ट चर्चच्या तळघरात बसला होता. मूर्ती आत नेताना पाद्रीबुवांनी दारातच विचारलं होतं, "मीही बूट काढायचे ना?" आणि मोज्यांवर, घडीच्या खुर्च्या मांडत ते तासभर आमच्यात फिरले. त्यांचं मत कुणाला जायचं मला ठाऊक नाही. बहुधा माझ्या विरुद्धच.

तेव्हा तुमच्या शेजारणीला सरळ सांगा: "तुम्हाला आनंद झाला ते मी समजू शकतो. मला मात्र त्रास झाला, आणि का ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण तुम्ही परक्या नाही." मी देव मानत नाही, हेही सांगा. वाटलं तर डॅनबरीच्या बाप्टिस्टांची गोष्ट सांगा, त्यांना ती माहीत नसण्याची शक्यता आहे. त्या पटवून घेतील अशी आशा धरून जाऊ नका. कदाचित त्या म्हणतील, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करेन." ते ऐकून घ्यायचं आणि चहा संपवायचा. दुखावणारं काही बोलल्या तर तिथेच सांगून उठायचीही तुम्हाला मोकळीक आहे. उपकाराच्या ओझ्याखाली मत गिळायचं कारण नाही.

त्यांचं काचेचं भांडं ओट्यावर आहे म्हणालात. ते द्यायला जायचं निमित्त आहेच. रिकामं नेऊ नका. पत्नीला विचारून नारळाच्या वड्या करा, आणि मुलीला यायचं असेल तर तिलाही बरोबर न्या.